सातचा आवाज

घड्याळं दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस संशयी असतो असं नाही, पण सेकंदकाका होते. गिऱ्हाईक म्हणायचं, "पडलं नाही हो, बसल्या जागी बंद पडलं," की काका डोळ्यावरचं भिंग न काढता विचारायचे, "कितव्या पायरीवरून?" निम्म्या वेळा गिऱ्हाईक पायरी सांगून मोकळं व्हायचं. असं चार वेळा झालं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळ्या जगाच्या आतलं दिसतं. काका घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, कोपऱ्यापर्यंत जाणार आणि चौथ्यांदा ओढायला परत येणार. काकू तोवर कोपऱ्यावर उभ्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्यातली दोन तरी त्यांची त्या कोपऱ्यावर गेली असतील.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर सव्वीस घड्याळं, खिडकीशी टेबल, टेबलावर चिमटे, आणि वरच्या फळीवर एक जुना रेडिओ. रेडिओचा काटा एका केंद्रावरून वर्षानुवर्षं हलला नव्हता. तासाभराच्या वाटेवर मोठं गाव होतं, तिथलं ते लहानसं मिडियम वेव्हचं केंद्र. रोज सकाळी सातला सहा टुकटुक व्हायच्या आणि एक बाई म्हणायची, "सात वाजले. नमस्कार." मग हवामान, धरणाचं पाणी, बाजारातले भाव, कुठली बस बंद, कुणाची म्हातारी घर सोडून गेली आणि अंगावर कुठलं पातळ होतं, सगळं. लोक तिला रेडिओताई म्हणायचे.

काका त्या टुकटुकींवर घड्याळं लावतात असं सगळ्या गल्लीला वाटायचं. डोंबल! काकांचं लक्ष टुकटुकींच्या नंतर येणाऱ्या आवाजाकडे असायचं. तो त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा आवाज होता, आणि त्या बहिणीशी काका अकरा वर्षं बोलले नव्हते.

झालं होतं ते असं. आई ताईकडे असायची. आईचं अखेरचं दुखणं आलं तेव्हा काका परगावी होते, तिथल्या नगरपालिकेच्या मनोऱ्यातलं घड्याळ उघडून बसले होते. ते पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ताई म्हणाली, "बाळ, मी त्याच संध्याकाळी नगरपालिकेत फोन केला होता, निरोप लिहून घेतला रे त्यांनी." काका म्हणाले, "खोटं." ताई रडली, शपथेवर आली. काका म्हणाले, "खोटं, खोटं, खोटं," आणि निघून आले. जे जे ताईची बाजू घ्यायला आले त्यांच्याशीही फाटलं. चुलत नाही, मामे नाही, कुणी म्हणून कुणी उरलं नाही. माणूस एकदा संशयाच्या मागे लागला की आपल्याच घराचे वासे मोजत बसतो.

पण रेडिओ मात्र बंद केला नाही हो पठ्ठ्याने! रोज सात वाजता हातातलं काम थांबायचं. शेवटची टुकटुक झाली की ताई श्वास घ्यायची, मग बोलायची. त्या दोहोंमधली फट काकांना तोंडपाठ होती. दीड सेकंद म्हणजे झोप झाली आहे. दोन म्हणजे जिना घाईने चढली. तीन आणि खाकरणं म्हणजे सर्दी. अबोला होता, पण खुशाली रोज घरपोच मिळत होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, आणि स्वतःशी तर मुळीच कबूल केली नव्हती.

मागच्या हिवाळ्यापासून फट वाढली. साडेतीन, चार. आवाज घोगरा येऊ लागला. "नाटकं," काका म्हणायचे, "लोकांनी फोन करून विचारावं म्हणून."

काकू भाजी चिरत म्हणायच्या, "हो ना, तुम्ही ओळखून आहात सगळ्यांना."

आणि एका सोमवारी सहा टुकटुक झाल्या, ताई म्हणाली, "सात वाजले. नमस्कार. आजपासून आपल्या केंद्रावर दिवसभर फक्त जुनी गाणी," आणि लागलं की गाणं! हवामान नाही, धरण नाही, भाव नाहीत. एक गाणं संपलं की ताई म्हणायची, "आता ऐकूया आणखी एक जुनी आठवण," की दुसरं सुरू. संध्याकाळपर्यंत तेच. गल्ली खूश झाली. समोरचा शिंपी मशीन मारता मारता मान डोलवू लागला. औषधाच्या दुकानातल्या बाईने तर काकांना हाक मारून सांगितलं, "काका, आता कसं छान झालं नाही? नाही तर मेलं रोज धरणाचं पाणी."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. ज्या केंद्राने तीस वर्षं धरणाची पातळी चुकवली नाही, ते एका सोमवारी उठून गाणी लावत बसतं? कुठेतरी पाणी मुरतंय. जुन्या गाण्यांत काय सोय आहे बघा, त्यांनी मनाशी धरलं. त्यात आजची तारीख नसते. आज पाऊस आहे की ऊन, ते नसतं. काल वाजवलेलं उद्या वाजवलं तरी कुणाला कळत नाही. जिथे तारीख नाही तिथे काहीही लपवता येतं.

मंगळवारी त्यांनी दुरुस्तीला आलेलं शर्यतीचं स्टॉपवॉच हातात घेतलं. शेवटच्या टुकटुकीला दाबलं, ताईच्या "सात"ला दाबलं. एक सेकंद आणि वर अगदी थोडं. बुधवारी तेवढंच. गुरुवारी तेवढंच. शुक्रवारीही केसाइतका फरक नाही. आता तुम्हीच सांगा, साठी उलटलेली बाई जिना चढून येते, खुर्चीत बसते, आणि तिचा श्वास रोज सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सारखा? घड्याळसुद्धा इतकं इमानदार नसतं. काकांनी हयात घालवली होती घड्याळांत, त्यांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट, घसा. घोगरेपणा पहिल्या सोमवारी होता तितकाच दुसऱ्या सोमवारी. "सर्दी एक तर बरी होते, नाही तर वाढते," काका काकूंना म्हणाले. "अशी पुतळ्यासारखी उभी राहत नाही."

"मग?" काकूंनी मान वर केली नाही.

"मग काय! आणि खुर्ची? 'नमस्कार'मधल्या 'का'वर खुर्ची करकरते. रोज त्याच अक्षरावर! तू ऐक उद्या."

दुसऱ्या दिवशी काकूंनी ऐकलं. करकरली. काकूंनी नुसता पदर पुढे ओढून घेतला आणि त्या आत गेल्या. काका त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थांबले. अकरा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता बाहेर पडलं.

"अगं, ती टेप आहे. ते तिची टेप वाजवताहेत. ताई आहे तरी का? का गेली, आणि मला कुणी कळवलंच नाही? आईच्या वेळेसारखं?"

काकूंनी ओटा पुसायला घेतला. "जाऊन बघून या," त्या म्हणाल्या. "मला विचारू नका. जा तुम्ही."

काकांना यातही काहीतरी खटकलं, पण एका वेळी एकच संशय निस्तरता येतो. त्यांनी कोट चढवला, स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि मिळेल ती पहिली बस धरली. जाताना दुकानाचं कुलूप ओढून बघायचं मात्र विसरले.

रेडिओ केंद्र गावाबाहेरच्या माळावर होतं. तारेचं कुंपण, गवतात उभा लोखंडी मनोरा, आणि खाली दोन खोल्यांची बैठी इमारत. एका खिडकीची काच पुठ्ठ्याने बुजवलेली. जिना? जिना आहे की, बाहेरून, बारा पायऱ्यांचा, उंच जोत्यावर चढणारा. काकांनी मोजल्या. दारावर नव्या रंगाची पाटी होती, "दिवसभर जुनी गाणी", आणि रंग खाली ओघळला होता. घाई, काका मनात म्हणाले. घाईघाईने केलंय सगळं.

आत एकच माणूस, केंद्राचा इंजिनिअर. चाळिशीचा, स्वेटर घातलेला, कॉम्प्युटरसमोर डबा खात बसला होता. काचेच्या पलीकडे बोलायची खोली. तिथे माइक होता आणि त्यावर रुमाल टाकलेला. खुर्ची रिकामी होती, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून ताई म्हणाली, "आता ऐकूया आणखी एक जुनी आठवण." काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"काय काम होतं?" इंजिनिअरने डबा झाकला.

"रेडिओताईंना भेटायचं होतं."

"त्या इथे बसत नाहीत आता."

"मग आत्ता बोललं कोण?"

"ताईच."

"कुठून?"

इंजिनिअर उठून उभा राहिला. "आपण कोण? वरच्या ऑफिसातून आलात का?"

बघा, माणूस घाबरला. खाई त्याला खवखवे. काका म्हणाले, "मी ऐकणारा. नुसता ऐकणारा. मला एवढंच सांगा, बाई हयात आहेत की नाहीत?"

"अहो, काय अभद्र बोलताय! आहेत, चांगल्या आहेत. केंद्र बंद करायचं पत्र आलं होतं वरून, ते त्यांच्यामुळेच वाचलं. जुनी गाणी लावायची ही युक्तीच त्यांची."

"मग त्या येत का नाहीत?"

"ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ताकीद दिली आहे, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

ताकास तूर लागू देईना गडी. आणि "आहेत" म्हणताना त्याने नजर खिडकीकडे फिरवली ती काकांनी बरोबर टिपली. मेलेल्या माणसाबद्दल "आहेत" म्हणताना लोक असंच खिडकीकडे बघतात, असं त्यांना ठाम वाटलं. हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. खाली उतरताना मात्र बारा पायऱ्यांत ते दोनदा कठड्याला धरून थांबले.

ताईचं घर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत. काका अकरा वर्षांनी त्या गल्लीत शिरत होते, आणि प्रत्येक दार त्यांच्याकडे रोखून बघतंय असं त्यांना वाटत होतं. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. पायपुसणं नुकतंच झटकलेलं. हे भाडेकरू असतील, काका मनात म्हणाले. घर देऊन टाकलं असेल. त्यांनी कडी वाजवली. उत्तर आलं नाही, नुसती पावलं आली. दार उघडलं आणि दारात ताई उभी.

वाळली होती, केस पिकले होते, ऊन चांगलं वर आलं तरी गळ्याभोवती लोकरी मफलर होता. पण ताईच होती, धडधडीत जिवंत. काकांना इतका आनंद झाला की त्यांना चौकट धरावी लागली. डोळे भरून आले. "ताई," ते म्हणाले.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मिटले. ती बोलली नाही.

"ताई, अगं मी."

ती बाजूला झाली, आत ये म्हणून हाताने खुणावलं. खुर्ची पुढे सरकवली. पण शब्द नाही.

झालं! दोन मिनिटांपूर्वी जी बाई जिवंत दिसावी म्हणून हा माणूस देवाला साकडं घालत आला, तिच्यावर हा लगेच बिथरला. "अस्सं," काका म्हणाले. "मी आलो दारात, नाक घासत आलो, तरी तुझा अबोला सुटत नाही ना? नको बोलूस. मीच बोलतो." आणि बोलत सुटले. आईचं काढलं, निरोपाचं काढलं. त्या मनोऱ्यातल्या घड्याळाच्या आत आपण बसलो होतो आणि इकडे आई जात होती, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. "एकदा तरी कबूल कर, निरोप दिला नव्हतास म्हणून! मी सोडून देईन सगळं!" ताई समोर बसून ऐकत होती, मांडीवर हात घट्ट धरून. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड मिटलेलंच होतं.

कोपऱ्यातल्या कपाटावर रेडिओ चालू होता, हळू आवाजात. गाणं थांबलं, सहा टुकटुक झाल्या, आणि ताईचाच आवाज म्हणाला, "दहा वाजले. नमस्कार."

काका ताडकन उठले. बोट रेडिओकडे, तोंड ताईकडे. "बघ! बघ, मी म्हणालोच होतो! तू इथे बसलीस आणि ती तिथे बोलतेय! टेप आहे! पहिल्या दिवशी ओळखलं मी, सेकंदात पकडलं! लोकांना फसवताय तुम्ही, जगाला फसवाल, मला नाही!" खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना विलक्षण बरं वाटत होतं. अकरा वर्षांत घड्याळांच्या बाहेरचा त्यांचा एकही संशय असा समोरासमोर खरा ठरला नव्हता.

ताईने दोन्ही हातांनी मफलरची गाठ सोडली.

गळ्याच्या मधोमध एक भोक होतं, नाण्याएवढं, त्यावर पातळ जाळीचं कापड. ताईने श्वास घेतला तसं कापड आत ओढलं गेलं, सोडला तसं फुगलं. तेवढाच आवाज. सव्वीस घड्याळांत एक बिघडलेलं ओळखणारे कान होते काकांचे. त्यांना तो श्वास स्पष्ट ऐकू आला आणि त्यामागे दुसरं काहीही ऐकू आलं नाही.

ते मटकन खाली बसले. हाताला मफलर लागला. गर्द हिरवी लोकर, कडेला दुहेरी टाका. हा टाका त्यांच्या घरातला होता. काकू गेले चार महिने संध्याकाळी हीच लोकर घेऊन बसत आणि म्हणत, शेजारणीच्या सुनेसाठी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या दुनियेवर पहारा ठेवला आणि घरातल्या बाईला सोडून दिलं.

ताईने शेजारची वही घेतली. तिला भराभर लिहायची सवय झालेली दिसत होती. डॉक्टरांनी ऑपरेशनला तीन आठवड्यांची मुदत दिली होती, तिने लिहिलं. घशातली गाठ काढायची तर आवाज जाणार. केंद्रात बोलणारी ती एकटीच. ती गेली की बंद करायचं पत्र तयारच होतं. "बातमी रोज नव्या तोंडाने सांगावी लागते. जुन्या गाण्याला एकदा बोललेलं पुरतं. म्हणून म्हटलं, गाणी लावा. तीन आठवडे रोज बसून वाक्यं भरून ठेवली. चार हजार."

"मला का नाही कळवलंस गं?" काकांना आता मोठ्याने बोलवेना.

ताईने लिहिलं, "तू रोज ऐकतोस, तुझ्या बायकोने सांगितलं होतं. तुला वाटावं ताई बरी आहे. म्हणून इंजिनिअरला सांगून ठेवलं, वेळ अगदी सेकंदावर लाव, माझा भाऊ घड्याळवाला आहे, उशीर झाला तर लगेच पकडेल."

काकांनी ते दोनदा वाचलं. मग कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "चुकलो मी, ताई," ते म्हणाले. "निरोपाचं सोड. दिला असशील. दिलाच असशील. मीच चुकलो." ताईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायची तसाच, जरा जड. रेडिओवर पुढचं गाणं लागलं होतं. ते संपेपर्यंत दोघंही तशीच बसून राहिली.

रेडिओवर ताईचं ते वाक्य पुन्हा आलं, "आता ऐकूया आणखी एक जुनी आठवण," आणि काकांच्या मनात एक विचार आला. त्यांना तो बोलून दाखवायची लाज वाटत होती, पण राहवेना.

"ताई, त्या चार हजारांत," ते म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून एखादं आहे का गं? रेडिओवर नाही लावायचं. नुसतं ठेवलेलं. 'बाळ' म्हणून हाक मारलेली असली तरी चालेल."

ताईने मान हलवली. नाही.

मग तिने वही ओढली आणि लिहिलं, "शेवटच्या दिवशी माइकसमोर बसले होते त्यासाठी. पण म्हटलं, तू ऐकशील आणि म्हणशील, खोटं आहे."

काकांनी वही खाली ठेवली.

"म्हणालो असतो," ते म्हणाले.